दाराजवळची रांग

आमची सूनबाई बॅटरीच्या प्रयोगशाळेत काम करते. तिथं बॅटरीच्या आतल्या द्रवाची नवी मिश्रणं बनवतात, प्रत्येकाचे छोटे सेल बांधून उबदार कपाटात ठेवतात आणि ते सतत भरत-रिकामे करत राहतात. पूर्वी सेल दमेपर्यंत महिनोन्महिने वाट बघावी लागे. आता संगणकातला एक प्रोग्रॅम सुरुवातीच्या फेऱ्यांवरूनच कोण टिकेल ते सांगतो. त्यापुढचं तिनं दोनदा समजावलं आणि मी दोनदा मान हलवली.

त्या आठवड्यात तिचं तोंड उतरलेलं होतं. प्रोग्रॅमनं तिचं मिश्रण तळाला टाकलं होतं आणि तिच्या सरांचं पहिलं आलं होतं. शुक्रवारच्या बैठकीत एकच मिश्रण पुढे जाणार होतं. बाकीच्यांची मेहनत पाण्यात.

हा निकाल कशाच्या जोरावर काढला, ते तिनं प्रोग्रॅमकडूनच काढून घेतलं. त्यानं सर्वांत जास्त वजन दिलं होतं ते सेलच्या जागेला. तिथली एक रीत होती. नव्या माणसाचे सेल कपाटाच्या दाराजवळच्या रांगेत, सरांचे मधल्या. नियम असा कुणी केला नव्हता; थोरांना बरी जागा द्यावी, इतकंच. पण दिवसभर कुणी ना कुणी कपाट उघडे आणि गार झोत आधी दाराजवळच्या सेलना लागे.

आता हे सरांना सांगायचं कसं? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. सर निवृत्तीला आलेले, त्यांचं हे शेवटचं काम. तिनं मला विचारलं. मी काय सांगणार? जन्म पुस्तकांत गेला. चहा केला आणि तो जरा पाणचटच झाला.

शेवटी तिनं धीर करून सांगितलंच.

“नाचता येईना, अंगण वाकडं,” सर म्हणाले.

“मग अंगण मोजून बघू या ना, सर.”

सरांनी कपाट उघडून दाराजवळच्या रांगेवर हात धरून पाहिला. मग त्यांनी स्वतःच बैठक पुढे ढकलायला लावली. दोघांचेही नवे सेल बांधले. निम्मे मध्ये, निम्मे दाराशी. दाराशी होते ते सगळेच लवकर दमू लागले. मधल्यांत मात्र तिचे तगून राहिले आणि सरांचे मागे पडले.

बैठकीत सरांनी आपलं मिश्रण आपणच मागे घेतलं. मला वाटलं, आता हे तिच्याशी बोलणार नाहीत. माणसांबद्दलचे माझे अंदाज बहुधा चुकतात. दुसऱ्या दिवशी त्यांनी तिला बोलावलं.

“तुझ्या त्या प्रोग्रॅमला विचार बाई, माझ्यातलं काही उचलण्यासारखं आहे का.”

तिनं विचारलं. प्रोग्रॅमनं सुचवलं, तिच्या मिश्रणात सरांचा एक क्षार अगदी थोडा घालून पाहावा. जमेलच असं तो म्हणेना; करूनच बघायला हवं होतं.

सरांनी हातमोजे चढवले. “क्षार मी तोलतो,” ते म्हणाले. “तू ढवळ.”