मळ्याचं आडनाव

आमचं आडनाव माणसांचं नाही, मळ्याचं आहे. खालच्या दलदलीवरून मळ्याला एल्सब्रोक म्हणतात, आणि मळ्यावर जो नांदायला येईल तो एल्सब्रोक होतो, मग तो घरजावई का असेना. जर्मनीत वेस्टफालियातल्या आमच्या तीन-चार गावांबाहेर हे नाव शोधून सापडायचं नाही. म्युनिकमध्ये कुणी एल्सब्रोक भेटलाच, तर त्याचा पणजोबा आमच्याच गोठ्यातून भांडून निघालेला असणार.

माझं लग्न ठरलं तेव्हा हेडविगमावशीनं रविवारच्या कॉफीला माझ्या रूबेनला समोर बसवलं. आई गेल्यापासून मळ्यावर शब्द चालतो तो मावशीचा.

"आडनाव बदलायचं बरं का, जावईबापू. आमच्या अँटननं बदललं, त्याचं काय बिघडलं?"

अँटन म्हणजे माझे बाबा. पूर्वीचे काम्पे, शेजारच्या गावात लाकडी दंताळी करणाऱ्याचे चिरंजीव. रूबेन घरात एकुलता एक, तरी माझ्याकडे बघून होकाराची मान हलवायच्या बेतात होता. आणि खरं सांगते, मला ते बरंच वाटत होतं.

"आधी माझ्याबरोबर चला जरा," बाबा म्हणाले आणि अर्धी कॉफी तशीच ठेवून उठले. मावशीच्या बोलण्यात ते कधी मध्ये पडत नसत.

त्यांनी आम्हाला त्यांच्या गावच्या दफनभूमीत नेलं. त्यांना आपल्या आईवडिलांच्या थडग्यापाशी रूबेनला उभं करायचं होतं. खुब्याच्या ऑपरेशनमुळे हिवाळाभर ते इकडे फिरकले नव्हते. थडग्याच्या जागी नुसतं गवत होतं.

दफनभूमीचा माळी ओशाळला. "थडग्याची जागा ठरावीक वर्षांच्या भाड्यानं असते, तिची मुदत संपली होती हो. वारसांनी भेटावं म्हणून दगडावर चिठ्ठी लावली, वाट पाहिली. गावात काम्पे कुणी उरलेलं नाही. विचारणार कुणाला?"

"मी आहे ना."

"तुम्ही? तुम्ही तर एल्सब्रोक."

बाबा टोपी काढून त्या गवताकडे बघत राहिले. या माणसाला मी जन्मभर बाबा म्हणत आले, पण तोही कुणाचा तरी मुलगा आहे हे माझ्या मनात कधी आलंच नव्हतं.

थडग्याचा दगड अवजारांच्या खोलीमागे पडून होता. रूबेननं आणि माळ्यानं तो आमच्या गाडीच्या ट्रेलरमध्ये चढवला. आम्ही तो घरी आणून स्वयंपाकघराच्या खिडकीखाली उभा केला.

मावशी हात पुसत बाहेर आली. तिनं नाव वाचलं.

"एल्सब्रोकच्या अंगणात काम्पे?"

"लग्न झाल्यापासून आहे, ताई," बाबा म्हणाले.

मावशी गुडघ्यावर हात टेकत खाली बसली आणि अक्षरांतलं शेवाळ नखानं काढायला लागली.

"पोरा," मान वर न करता ती रूबेनला म्हणाली, "तुझं आडनाव काय म्हणालास?"

"पोल."

"बरं आहे की. राहू दे."