अठरा अंशांची खोली

मित्रांनो, मी एक जुना एसी आहे. माझा एक भाग खोलीत भिंतीवर असतो आणि दुसरा खिडकीबाहेर ऊन खात बसतो. दोघांमध्ये तांब्याच्या नळ्या आहेत आणि त्यांतून गॅस सारखा फिरत असतो. लोकांना वाटते, मी गारवा तयार करतो. तसे काही नाही. घरातला केर उचलून बाहेर टाकावा, तशी मी खोलीतली उष्णता उचलून बाहेर टाकतो. थंडीत हेच काम उलटे करतो. बाहेरच्या हवेतही थोडी ऊब असतेच. ती गोळा करून आत आणतो. ओझे वाहणे हाच माझा धंदा.

कारखान्यातून मी थेट या घरी आलो. घरात नवरा-बायको दोघेच. बायको शिवणकाम करायची. नवऱ्याला वस्तू जपायचे वेड. टीव्हीला कव्हर, मिक्सरला कव्हर, रिमोटला प्लास्टिकची पिशवी. सगळी कव्हरे तिच्याच हातची.

"उद्या मलाही एक शिवून घ्यायला सांगाल," ती म्हणायची.

"तू कुठे नवी आहेस आता?" तो म्हणायचा आणि दोघे हसायचे.

पहिली काही वर्षे माझे फार कौतुक झाले. पाहुणा आला की आधी माझ्यापुढे उभा केला जाई. मग एका वर्षी धूळ फार उडू लागली आणि नवऱ्याने माझ्या बाहेरच्या भागासाठी जाड रेक्झिनचे कव्हर शिवायला सांगितले.

"पंख्यापुरतं तोंड उघडं ठेव. बाकी सगळं झाक."

"अहो, पण मागेही जाळी आहे. उगाच का ठेवली असेल?"

"तू शिलाई बघ. मशीनचं मी बघतो."

तिने शिवले. त्याने ओढून घट्ट बांधले. मित्रांनो, मी हवा पाठीकडून आणि बाजूने आत ओढतो, पुढून नुसती फेकतो. माझे नाक दाबले गेले होते. आणलेली उष्णता बाहेर टाकता येईना. मी घरघरत राहिलो.

त्याच उन्हाळ्यात बायकोचे हृदय थकले. ती अंथरुणाला खिळली. डॉक्टर बजावून गेले, "खोली गार ठेवा. उकाडा यांना सोसणार नाही." तिचा पलंग माझ्याखाली आणला. नवऱ्याने अठराचा आकडा लावला आणि रिमोट आपल्या खिशात ठेवला.

"अहो, उकडतंय."

"अठरा आहे. समोर लिहिलंय, वाच."

तो आकडा खोलीचा नव्हता. त्याने माझ्याकडे जे मागितले होते, ते मी दाखवत होतो. देणे मला जमत नव्हते. हे सांगायला मला तोंड नाही. मला फक्त आकडा आहे.

नवऱ्याची बहीण मदतीला राहायला आली होती. तिने पदराने स्वतःचा घाम पुसला आणि म्हणाली, "वहिनी, तुला बर्फाच्या लादीवर निजवलं तरी उकडेल."

"ताई, खिडकी तरी उघडा ना."

"उघडू नकोस," नवरा बाहेरच्या खोलीतून ओरडला. "सगळा गारवा बाहेर जाईल. लाड आहेत नुसते."

एका दुपारी माझा बाहेरचा भाग तापून बंद पडला. आतला पंखा मात्र फिरत राहिला आणि खोलीतलीच गरम हवा तिच्या अंगावर सोडत राहिला. समोर अठराच होते. तिने दोनदा हाक मारली. बाहेरच्या खोलीत टीव्ही चालू होता. नवरा म्हणाला, "आता काय हवंय?" आणि उठला नाही. तिसऱ्यांदा तिने हाक मारली नाही.

नंतर माणसे दुखवट्याला येऊ लागली. घामाघूम होऊन बसत, पेपरने वारा घेत. त्यांची गैरसोय नको म्हणून दुसऱ्याच दिवशी मेकॅनिक बोलावला. त्याने कव्हर उतरवून हातात घेतले.

"शिलाई झकास आहे. कुणी शिवलं?"

"बायकोने," नवरा म्हणाला.

"मशीन गुदमरलं होतं हो याच्यात. बाकी काही झालेलं नाही त्याला."

थोड्या वेळाने खोली गार झाली. इतकी, की बहिणीने वहिनीचीच शाल अंगावर घेतली. "दादा, जरा कमी कर ना. गारठलो आम्ही."

नवऱ्याने रिमोट काढला. पिशवीतून बटण दाबले. मग रिकाम्या पलंगावर जाऊन आडवा झाला. पाहुण्यांसमोर.

आता तो माझी जाळी वेळच्या वेळी धुतो. माझ्या पाठीमागे काडीसुद्धा ठेवू देत नाही. मी नव्यासारखा चालतो. त्या खोलीत कुणी निजत नाही.

मित्रांनो, माझी जाळी स्वच्छ ठेवा, मला मोकळा श्वास घेऊ द्या. आणि घरातले कुणी उकडतंय म्हणाले, तर माझ्या आकड्याकडे बघू नका. उठा, आत जा, आणि त्याच्या कपाळाला हात लावा.