प्लंबर आजोबांचा अडकलेला घास

मुलांनो, डोळे मिटा आणि कल्पना करा: एका माणसाने जन्मभर लोकांच्या तुंबलेल्या मोऱ्या मोकळ्या केल्या, आणि एक दिवस त्याचाच घास घशाखाली उतरेना! असे होते भिंगरीचे प्लंबर आजोबा.

आता प्लंबर काय करणार? मोरी तुंबली की उकळतं पाणी ओतायचं, हे त्यांना पाठ. म्हणून ते वाफाळता चहा घटाघट पिऊ लागले. गरम चहाची खोड जुनीच, आता तर गॅसवरून थेट तोंडाला! जोडीला तंबाखूची डबी. बिचारी अन्ननलिका किती सोसणार? तीन महिन्यांत पट्ट्याला खिळ्याने दोन नवी भोकं पाडावी लागली, तेव्हा आजीने त्यांना दवाखान्यात पिटाळलं आणि पहाऱ्याला भिंगरी दिली.

तिथे नर्सबाईंनी एक कागद हाती ठेवला. "खरं लिहा हं. आज घशातून कॅमेरा घालायचा की नाही, ते यावरून ठरेल. अन्ननलिकेचा कॅन्सर असलाच, तर लवकर सापडलेला बरा. उशीर झाला की आमच्याही हातात फारसं उरत नाही."

चष्मा घरी "विसरला" होता, म्हणून आजोबा सांगणार आणि भिंगरी लिहिणार.

"तंबाखू?"

"लिही, नाही."

"आजोबा! डबी खिशात खुळखुळतेय!"

"हळू बोल गं, बये! पुढचं वाच."

"चहा?"

"कोमट."

"वजन?"

"होतं तेवढंच."

"घास अडकतो का?"

"छे! कध्धीच नाही."

"तुम्हाला कॅमेऱ्याची भीती वाटते ना? लोकांच्या पाइपात तर खुशाल घालता!"

"पाइपाला उलटी होत नाही!"

भिंगरी खुदकन हसली. मग म्हणाली, "पण लोकांनी उशिरा बोलावलं की तुम्ही चिडता का?"

"चिडू नको तर काय! पाणी हळू जायला लागलं तेव्हाच बोलवायचं. मग नुसत्या तारेने भागतं. नाहीतर अख्खी भिंत फोडा..."

बोलता बोलता आजोबांची बोटं पट्ट्याच्या नव्या भोकांशी चाळा करू लागली.

भिंगरीने कागदाकडे पाहिलं. "कोमट" खोडून "उकळता" लिहिलं. तंबाखूपुढे "हो". वजनापुढे "दोन भोकं". घासापुढे "अडकतो, तीन महिने झाले, पावसुद्धा". आणि आजोबांचा हात पुढे यायच्या आत ती कागद घेऊन नर्सबाईंच्या खिडकीकडे सुसाट पळाली.