पेटीतला आत्मा आणि मागचं बटण

सणसरला रंगुबाईंच्या घरासमोर चपलांचा ढीग पडला होता आणि आत एक पेटी रडत होती. निदान जमलेल्या माणसांचं म्हणणं तरी तसंच होतं. रंगुबाईंची मुलगी साक्षी बारामतीहून स्कूटीवर आली, तेव्हा तिला स्वतःच्या माहेरात शिरायला वाट मागावी लागली. ती बारामतीत कॉलेजात फिजिक्स शिकवायची. पण त्या दिवशी तिला कोणी काही विचारणार नव्हतं. सगळं सांगायला तरंगनाथ महाराज येऊन बसले होते.

तिचे वडील गंगारामतात्या कारखान्याच्या वजनकाट्यावर नोकरीला होते आणि जन्मभर भीमगीतं गायले. शेवटी आवाज बसत चालला, तेव्हा साक्षीच्या भावाने, विकीने, त्यांना घरीच माइकपुढे बसवून एकेक गाणं रेकॉर्ड करून घेतलं. विकीचा लग्नाच्या शूटिंगचा धंदा. त्याचे व्हिडिओ आणि तात्यांची गाणी एकाच पेटीत. पेटी म्हणजे घरातल्या वायफायला जोडलेलं, दोन हार्डडिस्क बसणारं, पावाच्या लादीएवढं यंत्र. तात्या गेल्यावर रंगुबाई रोज सकाळी चहा घेताना टीव्हीवरून त्यातलं एखादं गाणं लावून घ्यायच्या. जागा पुरेना म्हणून विकीने मोठ्या डिस्क आणून बसवल्या, आणि लाल दिवा लागला. गाणी दिसेनात. पेटी थांबून थांबून टूं टूं करायला लागली.

शेजारच्या द्वारकाबाईंनी ते दारातून ऐकलं आणि हा गंगारामभाऊंचा कण्हल्याचा आवाज आहे असं जाहीर करून टाकलं. बातमी अंथुर्ण्याला पोचली आणि तिथून गाडी घेऊन महाराज आले.

महाराज आधी काय करायचे हे कोणाला नीट ठाऊक नव्हतं. सध्या ते फ्रिक्वेन्सी दुरुस्त करत. अंगात कफनी, मनगटावर स्मार्टवॉच. आत्मा म्हणजे डेटा, देह म्हणजे हार्डवेअर आणि मोक्ष म्हणजे क्लाउड, असं ते डोळे मिटून सांगत, आणि ज्यांना यातला एकही शब्द कळत नव्हता ते सर्वांत जोरात मान डोलावत. पोराने डिस्क बदलल्या, त्यामुळे तात्यांचा आत्मा अर्धवट कॉपी झाला, असं त्यांचं निदान होतं.

रंगुबाईंनी थोडी खळखळ केली. "आमच्या घरात श्राद्ध न्हाय, पिंड न्हाय. सासऱ्यांनी छप्पन सालीच दीक्षा घेतलीया."

"श्राद्ध कोण म्हणतंय, माई?" महाराज हसले. "हे तर सायन्स आहे."

मग साक्षीच्या डोळ्यांदेखत त्यांनी खांद्यावरची शाल पेटीवर पांघरली, दोन्ही हात शालीखाली घातले आणि हुंकार दिला. टूं टूं थांबलं. लोकांनी जमिनीला डोकी टेकली. कोणीतरी पेटीला हळद-कुंकू वाहिलं.

शांती अमावास्येपर्यंतच टिकेल, महाराज म्हणाले. त्याआधी नव्या-जुन्या डिस्कांसकट पेटी नीरा नदीत सोडायची आणि रंगुबाईंच्या रस्त्याकडेच्या दोन गुंठ्यांवर महाराजांना नादपीठ नावाचा मठ उभारू द्यायचा. रंगुबाईंनी होकाराची मान हलवली. साक्षीला आईचा संताप आला; मग तिने आईचा चेहरा पाहिला. आई देवभोळी झाली नव्हती. तिची सकाळ मुकी झाली होती, आणि त्या जागी कोणी काहीही आणून ठेवलं असतं तरी तिने ते उराशी धरलं असतं.

साक्षीने विकीला बाजूला घेऊन नक्की काय केलं ते विचारलं. दोन्ही डिस्कांवर तोच माल असतो. बदलायच्या तर आधी एक काढायची, नवी घालायची, आत राहिलेल्या जुन्या डिस्कवरून सगळं नवीवर उतरेपर्यंत थांबायचं आणि मगच दुसरीला हात लावायचा. कॉपी संपेना आणि लग्नाची ऑर्डर तर डोक्यावर, म्हणून विकीने मध्येच दुसरीही उपटली होती. पेटीत आता एक डिस्क अर्धी भरलेली आणि एक कोरी होती. जुन्या दोन्ही त्याच्या कपाटात टॉवेलात गुंडाळलेल्या होत्या.

साक्षीने पेटी फिरवली. मागे एक बारकं बटण होतं, त्यावर फुली मारलेल्या भोंग्याचं चित्र. तिने पेटी बंद करून पुन्हा चालू केली. थोड्या वेळाने टूं टूं सुरू झालं आणि खोलीत चुळबूळ झाली.

"महाराज, पुन्हा थांबवा," ती म्हणाली. "फक्त शाल नको, आणि हात समोरून ठेवा."

महाराजांनी समोरून हात ठेवला, हुंकार दिला, मग मोठा हुंकार दिला. पेटी आपली रडतच राहिली. अविश्वासाच्या लहरींनी सिग्नल अडतोय, असं ते म्हणाले, आणि आत्म्याला बायकांचं मध्ये बोलणं सहन होत नाही, असंही.

साक्षीने आईचं बोट धरून त्या बटणावर ठेवलं. "दाब, आई."

आवाज थांबला. रंगुबाई बोटाकडे बघत राहिल्या. मग त्यांनी कोणाकडेही न बघता लेकीला विचारलं, "मंग त्यांचा आवाज कुठं हाय?"

साक्षीने पेटी बंद केली, नव्या डिस्क काढल्या आणि विकीने सर्वांत शेवटी उपटलेली जुनी डिस्क आत सरकवली. जोडीदार डिस्क नाही म्हणून पेटीने पुन्हा तक्रार केली. ते तिचं कामच होतं. पण फायली दिसल्या. पहिलं गाणं साक्षीनेच लावलं. तात्या खाकरले, कोणाला तरी पंखा बंद कर म्हणाले आणि गाऊ लागले. विकी भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

गाणं संपल्यावर रंगुबाई महाराजांना म्हणाल्या, "आवाज बंद तुमी केला. चालू माझ्या लेकीनं केला. आता निघा."

महाराज निघाले. त्यांच्या गाडीमागे दोघंजण धावलेच. एकाच्या विहिरीवरची मोटर जळाली होती. त्यांना कोणी अडवलं नाही.

पण वाचणाऱ्यांना एक सांगायचं आहे. यंत्र बिघडलं की ते सांगतं, म्हणून त्याला भोंगा दिलेला असतो. भोंगा दाबून गप्प करणं म्हणजे दुरुस्ती नव्हे, मग दाबणारा कफनीत असो नाहीतर सुटाबुटात. ज्याने चमत्कार केला त्याला तो उजेडात पुन्हा करायला सांगा, आणि तेवढ्या वेळात आपण काय बदललं होतं ते आठवा. दुःखात माणूस विचार करायचा थांबतो, आणि नेमकं तेव्हाच कोणीतरी दारात गाडी लावतं. अशा वेळी रडणाऱ्याला हसू नका. त्याच्याजवळ बसा आणि त्याच्या वतीने प्रश्न तुम्ही विचारा.