नळी बसल्याचा आवाज

बुर्गीने नव्या नळीखालचा लोखंडी आकडा चिमणीच्या ज्योतीवर धरला, काळाकुट्ट होईपर्यंत फिरवला आणि श्वास रोखून रायफलच्या खाचेत उतरवला. नळी मिटली, पुन्हा उघडली. काजळी सगळीकडून सारखी निघाली होती, म्हणजे आकडा खाचेला सगळीकडे सारखाच टेकत होता. कुठे काळा डाग नाही, कुठे चकाकणारा उंचवटा नाही. याहून चांगलं तिला सत्तावीस वर्षांत जमलं नव्हतं.

रायफल घेऊन ती खिडकीपाशी गेली. तिथे तिचे वडील, वालेंटिन, मांडीवर घोंगडी घेऊन बसले होते. त्यांच्यासमोर उभं राहून तिने रायफल उघडली आणि मिटली.

"अजून एकदा," ते म्हणाले.

"बाबा, आता काय राहिलंय त्यात?"

"राहिलंय."

तीन आठवडे हेच चाललं होतं. त्यांच्या फेर्लाख गावात बंदुका घडवणारे पुष्कळ, पण मधोमध मोडणाऱ्या एकबारी रायफलीला नवी नळी बसवावी तर वालेंटिननेच, असं डोंगरातले शिकारी म्हणत. डोळ्यांना काजळी फसवते, आवाज फसवत नाही, असं वालेंटिनचं मत. नळी मिटताना एकच भरीव आवाज यायला हवा, मागे कसलीही किणकिण नको. तो कानांनी पारखल्याशिवाय त्यांनी एकही नळी दाराबाहेर जाऊ दिली नव्हती. घासायचं सगळं बुर्गीने, शेवटचा हात मात्र त्यांचा, आणि लाकडाखाली दडणाऱ्या जागी ठसाही त्यांचाच. बुर्गी एकावन्न वर्षांची झाली होती आणि तिच्या नावाची दोन अक्षरं अजून एकाही नळीवर उमटली नव्हती.

गेल्या हिवाळ्यापासून वडिलांच्या हातात कानस ठरेना. त्यांनीच तेव्हा सांगून टाकलं होतं, "आता एक नळी तू एकटीने बसव. आवाज बरोबर आला की तुझा ठसा मार, आणि मग जा तुला जायचं तिथे." जायचं कुठे ते दोघांनाही ठाऊक होतं. खिंडीपलीकडे क्रान गावात झदेन्काचा बंदुकांचा कारखाना होता. तिने बुर्गीसाठी खिडकीजवळचा ओटा सप्टेंबरच्या पहिल्या तारखेपर्यंत रिकामा ठेवला होता. आज ऑगस्टची बावीस होती.

बुर्गी ओट्याशी परतली. कानस उचलली आणि तशीच खाली ठेवली. आणखी एक हात फिरवला असता तर नळी खाचेत खुळखुळली असती आणि सगळी मेहनत पाण्यात गेली असती. तिला रडू येत होतं, रागही येत होता, आणि दोन्हींपैकी एकाचाही उपयोग नव्हता.

तेवढ्यात दार उघडून एगिड आत आला. हा वनरक्षक, रायफल त्याचीच. खडकांतून चढताना नळी दगडाला अडते म्हणून त्याने चार बोटं आखूड नळी मागितली होती.

"काय गं बुर्गी, माझी बायको नऊ महिन्यांत मोकळी झाली, तुझं अजून चाललंच आहे होय?"

"शुक्रवारी ये."

"गेल्या शुक्रवारीही शुक्रवारच म्हणाली होतीस. वर रानबकरे माझी वाट बघून कंटाळले." तो खिडकीकडे वळून ओरडला, "काय उस्ताद, पोरीला म्हातारी करूनच सोडणार का?"

वालेंटिन पाठमोरे बसून सुरीने सफरचंद सोलत राहिले. बुर्गीला नवल वाटलं नाही. एगिडच्या बडबडीला ते कधीच भीक घालत नसत.

एगिडने ओट्यावरची रायफल उचलली, खांद्याला लावून पाहिली, आणि बोलत बोलत म्हाताऱ्याच्या खुर्चीमागे गेला. तिथे त्याने ती मोडली आणि जोरात मिटली.

"अगं, ही तर छान बसलीय!"

वालेंटिन सफरचंद सोलत होते. सालीचे वेडेवाकडे तुकडे घोंगडीवर पडत राहिले, सुरी थबकली नाही.

बुर्गी जागच्या जागी थिजली. झोपेत असले तरी रायफल मिटल्याच्या आवाजाने उठून बसणारा हा माणूस. लहानपणी तिने गंमत म्हणून रायफल आपटून मिटली, तेव्हा दोन खोल्यांपलीकडून धावत येऊन त्यांनी कानाखाली वाजवली होती.

"शुक्रवारी नक्की," ती एगिडला म्हणाली आणि त्याला जवळजवळ ढकलतच बाहेर काढलं.

मग ती खुर्चीमागे उभी राहिली. रायफल उघडली, मिटली. पुन्हा. तिसऱ्यांदा इतक्या जोरात, की कपाटातल्या बाटल्या हलल्या. मान वळली नाही.

ती समोर आली. रायफल मिटली, आणि यावेळी आपल्या हातांकडे न बघता तिने वडिलांच्या डोळ्यांकडे पाहिलं. ते डोळे रायफलवर नव्हतेच. ते तिच्या चेहऱ्यावर होते.

"अजून ए..." ते म्हणता म्हणता थांबले. तिच्या तोंडावर काय दिसलं कोण जाणे, त्यांनी सुरी खाली ठेवली.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"दोन हिवाळे झाले."

"मग त्यानंतरच्या नळ्या कशा पारखल्यात?"

"तेव्हा शेवटचा हात माझा होता. हाताला कळायचं." त्यांनी थरथरणारी बोटं घोंगडीखाली घेतली. "आता हातही गेले. न ऐकता कसं म्हणू गं, बसली म्हणून? तुझ्या तोंडाकडे बघत होतो. म्हटलं, पोरीला खात्री दिसली की हो म्हणायचं. ती दिसलीच नाही. दर वेळी तू मलाच विचारत आलीस."

तिने घोंगडीखालून त्यांचा उजवा हात ओढून काढला, नळीच्या बुडाशी ठेवला आणि वरून आपला तळवा घट्ट दाबला, थरथर थांबेपर्यंत. मग नळी मिटली.

त्यांनी डोळे मिटून घेतले होते. दुसऱ्यांदा मिटवायला त्यांनी बोटानेच खुणावलं. तिने मिटली.

"बसली," ते म्हणाले. "माझ्या हातून अशी एखाददुसरीच बसली असेल. मार तुझा ठसा."

तिने नळी सोडवली, ओट्यावर उलटी टेकवली आणि कधीच न वापरलेला ठसा हातोडीच्या एका घावात उमटवला. दोन छोटी अक्षरं. मग तेलाचं फडकं देऊन नळी त्यांच्या मांडीवर ठेवली. त्यांनी अक्षरांवरून अंगठा फिरवला.

"सुटलीस," ते म्हणाले. "झदेन्काला फोन कर. माझी काळजी नको, मी काय कुकुलं बाळ आहे?"

बाहेर दूधवाल्याची गाडी दारात येऊन भोंगा वाजवत होती. एकदा, दोनदा, मग चांगला लांबलचक. वालेंटिन फडक्याने नळी पुसत होते, मन लावून, हसऱ्या चेहऱ्याने. भोंगा ऐकून दूध रोज तेच घेतात अशी आजवर बुर्गीची समजूत होती; गाडी खिडकीतून दिसली तरच त्यांना कळत असणार. कोपऱ्यातल्या स्टोव्हवर किटलीची शिट्टीही कधीची चालू होती. तिने जाऊन स्टोव्ह बंद केला.

तिथे स्टोव्हपाशीच, त्यांच्याकडे पाठ करून, ती मोठ्याने म्हणाली, "मला जायचंय, बाबा. मला फार फार जायचंय हो."

मागे फडकं नळीवरून फिरत राहिलं.

तिने पदराने करतात तसं एप्रनने तोंड पुसलं, वळली, फोनकडे न जाता त्यांच्या समोर जाऊन उभी राहिली आणि ओठ नीट हलवत विचारलं, "जेवायला काय करू?"

"कालचंच चालेल," ते म्हणाले.