अंगावरचे निळे डाग

कुरखेड्याजवळच्या त्या गावात शकुबाईच्या तोंडाला लागायची कुणाची टाप नव्हती. नवरा ऐन तिशीत गेला. जेवता जेवता त्यानं डोकं धरलं आणि ताटावरच कलंडला. मागं एकुलती पोर, चंदा. लहानपणी ती सारखी काळीनिळी व्हायची, पण खेळत्या पोराचं कोण ध्यानात ठेवतं? इसरूला दिलेली चंदा सत्तावन्न सालच्या शिमग्याला माहेरी आली. न्हाताना तिच्या दंडा-मांड्यांवर डाग दिसले आणि शकुबाईच्या अंगाचा तिळपापड झाला.

"इसरू मारते तुले?"

"नाई वो माय. ते बोट बी नाई लावत. कुठीबी टेकलं का उमटते."

नवऱ्याला पाठीशी घालणाऱ्या बायका शकुबाईनं पायलीच्या पन्नास पाहिल्या होत्या. तिनं पंच बसवले. जावई मुखदुर्बळ. "म्या नाई मारलं," एवढंच म्हणत राहिला. डाग समोर दिसत असताना त्याचं कोण ऐकणार? पंचांनी काडीमोड करून दिली. त्यानंतर चंदा रोज म्हणायची, "माय, मले माह्या घरी जाऊ दे." आणि शकुबाई रोज तिला गप्प करायची.

भातलावणीच्या, म्हणजे रोवण्याच्या दिवसांत बांधीच्या अरुंद धुऱ्यावरून चालताना चंदाचा पाय घसरला. शकुबाईनं मनगट धरून तिला सावरलं. दुसऱ्या दिवशी भात वाढताना पाहिलं, तर त्या मनगटावर पाच निळी बोटं उमटलेली. ती शकुबाईचीच बोटं होती. त्याच दिवशी तिनं इसरूचं गाव गाठायला हवं होतं. पण भरल्या पंचांत ज्याला राक्षस म्हटलं, त्याच्या दारात कोणत्या तोंडानं उभं राहायचं? रोवणा आटपू दे, मग जाऊ, असं तिनं ठरवलं. चूक कबूल करायची म्हटली की माणसाला कामं कशी आयती सापडतात!

चौथ्या दिवशी हातातली पऱ्ह्यांची, भातरोपांची जुडी टाकून चंदानं डोकं धरलं. "माय, डोकं फुटून राह्यलं वो." बैलबंडी कुरखेड्याच्या दवाखान्यात पोचेपर्यंत तिची शुद्ध हरपली होती. तरुण डॉक्टरांनी डाग पाहिले, मग बाप कसा गेला ते विचारलं.

"काही घराण्यांत शरीराची वीणच कच्ची असते, बाई," ते म्हणाले. "अशी घराणी मी पुस्तकात वाचली होती. रक्ताच्या नळ्या पातळ असतात. जरा दाबलं तरी डाग पडतात. डोक्यातली नळी फुटली, तर आमचा इलाज चालत नाही. हिला कुणी मारलेलं नाही."

दिवस मावळायच्या आत चंदा गेली.

बातमी ऐकून इसरू आला, तो कुंपणाबाहेरच थांबला. काडीमोड झालेल्यानं आत यायचं कोणत्या नात्यानं? शकुबाई उठून त्याच्यासमोर गेली. साऱ्या गावादेखत तिनं हात जोडले.

"जवाईबापू, तुमी नाई मारलं. मीच चुकली. आग तुमीच द्या."

इसरूनं खाली मान घालून हळूच विचारलं, "मामी, तिनं माही आठवन केली काय वो कधी?"

नाही म्हटलं असतं, तर शकुबाईचाच गुन्हा थोडा हलका झाला असता.

"रोज," ती म्हणाली. "रोज तुमच्याकडं जातो म्हने. मीच नाई जाऊ देल्लं."