पश्चिमेकडचं दार

याकिमला बायकोचा होकार आयुष्यात दोनदाच मिळाला. एकदा लग्नाला आणि एकदा चर्च हलवायला. दुसऱ्या होकारासाठी त्याला जास्त घाम गाळावा लागला.

ओस पडलेल्या जुन्या वस्तीतलं ते लाकडी चर्च. घुमटात कबुतरांचा संसार. तिथेच दोघांचं लग्न लागलं होतं. ते उचलून चार मैलांवरच्या गावात, जुनी बँक आणि लोहारशाळा यांच्यामध्ये आणून ठेवायचं, असं गावाने ठरवलं आणि काम याकिमवर सोपवलं.

"चर्च गेलं तर माझ्या आईबापांना सोबत कोणाची?" त्याची बायको पारास्का म्हणाली होती. तिथे दारातून बाहेर पडलं की समोरच त्यांच्या कबरी. शेवटी कुजून पडण्यापेक्षा बरं, असं म्हणत ती कशीबशी कबूल झाली. मात्र काही वेडंवाकडं झालं तर तुझ्याशी बोलणार नाही, हेही तिने सांगून ठेवलं.

गहू निघाला, जमीन कडक झाली, की या मुलखात इमारती प्रवासाला निघतात. शाळा, घरं, रेल्वे स्टेशन, निम्मं गाव असंच कुठून कुठून आलेलं आहे. चर्चही लांबलचक गाडीवर बसून कापलेल्या शेतांतून डुलत आलं. लोक कॉफीचे थर्मास घेऊन बघायला जमले. पाया याकिमने आखला होता, बँकेच्या रेषेत, रस्त्याकडे सिमेंटच्या ऐटदार पायऱ्या काढून.

पारास्काने पायऱ्या पाहिल्या, मग सूर्य पाहिला, मग नवऱ्याकडे पाहिलं.

"दार पूर्वेला?"

"रस्ता पूर्वेला आहे ना."

"म्हणजे वेदी पश्चिमेला. सत्तर वर्षं चर्चला जातोयस, लक्ष कुठे असतं तुझं?"

याकिमच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांच्यात वेदी पूर्वेलाच असते, हे शेंबडं पोरही सांगेल. त्याने दुकानांचा विचार केला होता, देवाचा नाही.

"आता राहू दे," नगराध्यक्ष लोर्ना म्हणाली. "उलटं ठेवलं तर पाहुण्यांना चर्चची पाठ दिसेल."

"दिसू दे. फिरवा," याकिम म्हणाला.

"चर्च आहे हे, ट्रॅक्टर नाही," गाडीवाला कुरकुरला. पारास्काने बटाटा भरलेल्या, वाफाळत्या करंज्यांचं भांडं त्याच्या हातात दिलं. त्याने ते चाटूनपुसून संपवलं आणि मुकाट्याने गाडी शेतातून वळवून आणली.

दुपार कलताना चर्च पायावर टेकलं. दार मागच्या बोळाकडे आणि रस्त्याकडच्या पायऱ्या थेट भिंतीला भिडलेल्या.

"याकिम, या पायऱ्या स्वर्गात जायला का?" लोर्नाने विचारलं. सगळे हसले. याकिमला तोंड कुठे लपवावं कळेना.

पारास्का आत गेली. वेदीपुढे वाकली आणि परत यायला वळली, ती उंबऱ्यावरच थबकली. आता आणखी काय चुकलं म्हणून याकिम तिच्याशेजारी जाऊन उभा राहिला. बोळापलीकडे नुसती सपाट शेतं होती. त्यांच्या टोकाला जुन्या वस्तीच्या कबरस्तानातली काळी झाडं.

"दिसतायत," ती म्हणाली. "मुद्दाम केलंस हे?"

हो म्हणावं, असं त्याला फार वाटलं. "नाही गं. चुकलोच होतो."

"माहितीये मला." तिने त्याचा दंड धरला. मग त्या झाडांकडे बघत, शेजारच्या खोलीत कोणी असावं तशा साध्या आवाजात म्हणाली, "आई, आम्ही इथे आहोत."